सात कागदांवर एकच वाक्य

कंपनीत काम करताना तुम्हाला काय आवडतं आणि काय आवडत नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा एका कागदाने विचारलं. त्याआधी कोणीच विचारलं नव्हतं. वडील एवढंच विचारायचे की बस वेळेवर मिळाली का, आणि आई विचारायची की डबा संपवलास का. खुद्द वडिलांनाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि ते भद्रावतीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं भोंग्यावर उठत-बसत होते.

त्या कागदावर मी एक वाक्य लिहिलं आणि त्या वाक्याने एका माणसाची नोकरी गेली. वाक्य चांगल्या मनाने लिहिलं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण त्याने काही भरून येत नाही.

गोष्ट दोन हजार सालाच्या पुढेमागची. आमची सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे चंद्रपुरात एका कापडाच्या दुकानावरचा दुसरा मजला. मुख्य ऑफिस पुण्याला, आम्ही शाखा. शाखेत साहेब सोडून आठ माणसं. गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलभागातल्या आश्रमशाळांसाठी आम्ही एक प्रोग्राम केला होता. मुलांची नोंद, हजेरी, परीक्षेचे गुण, वसतिगृहातलं धान्य, सगळं त्यात. मुलांच्या नोंदीचा भाग माझा. मी भद्रावतीच्या कॉलनीतून रोज एसटीने यायची, आणि आमच्या घरांच्या ओळीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी मी एकटीच असल्यामुळे, कोणाचा टीव्ही बिघडला तरी मला बोलावणं यायचं.

नोकरी मला आवडायची, हे आधी सांगून टाकते. चप्पल दाराबाहेर काढून आत जायचं, हे आवडायचं. देवघरात शिरताना होतो तसा पाय आपोआप हलका व्हायचा. सर्व्हरच्या खोलीतला एसी आवडायचा. तो माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता, पण मे महिन्यात आम्हा सगळ्यांना सर्व्हरची फार काळजी वाटायची. दर अर्ध्या तासाने कोणीतरी त्याची तब्येत बघायला आत जायचं आणि दहा मिनिटांनी ताजंतवानं होऊन बाहेर यायचं. लाइट गेली की बॅटरीचा बीप वाजायचा, आणि ज्याला तो आधी ऐकू येईल त्याने "सेव!" म्हणून ओरडायचं, असा आमचा रिवाज होता. आठही जणांचे हात एकदम चालायचे. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तर घरी लाइट गेली तरी "सेव" ओरडायची, आणि तिची आई पोळपाट सोडून बघत राहायची.

आवडायचं नाही तेही होतं. पुण्याहून फोन आला की समोरचा माणूस आधी "तुमच्याकडे वाघ येतात का हो?" असं विचारायचा आणि मग चुका काढायचा, त्याचा मला संताप यायचा. कोणत्या तासाला काय काम केलं ते रोज भरून द्यायचं, तेही नको वाटायचं. आणि सगळ्यात नको वाटायचं ते हे, की आपण केलेली वस्तू कोण वापरतं, कशी वापरतं, हे कधी दिसायचंच नाही. शिंप्याला निदान रस्त्यात आपण शिवलेला सदरा दिसतो.

ज्यांना दिसायचं, ते एकटे भाऊ. चाळिशीचे, आमच्यात सगळ्यात मोठे. शहरातल्या एका मुसलमान घरातले, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं घराणं. आयटीआय झालेले. आमच्यासारखे प्रोग्राम लिहिणारे नव्हेत, म्हणून साहेबांनी त्यांना फिरतीवर घेतलं होतं. प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली की ती फ्लॉपीवर घालून भाऊंनी एकेका शाळेत जायचं, मशीनमध्ये भरायची, काही बिघडलं असेल ते नीट करायचं आणि परत यायचं. गडचिरोलीपर्यंत एक बस, तिथून दुसरी, आणि पुढे मिळेल ते. फ्लॉपी उन्हाने आणि धुळीने खराब होतात म्हणून ते त्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून. जेवणाचा डबाही तसाच. एकदा त्यांनी एका मुख्याध्यापकांच्या हातात घाईने चार पोळ्या आणि भेंडीची भाजी दिली होती आणि वर म्हटलं होतं की ही नवीन आवृत्ती आहे, जपून ठेवा.

परत आले की दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ खुर्चीत दोन्ही हात कमरेवर ठेवून बसायचे आणि सुरू व्हायचे.

"मेलो ना बापा आज तं. कंबरडं मोडलं. धानोऱ्याच्या पुढं गाडी बंद पडली, मंग दोन घंटे पायी. तीन जागी पोलिसांनं थांबवलं. म्हणते, डब्यात का हाये? म्या म्हणलं, कम्प्युटर हाये. तो म्हणते, एवढ्याशा डब्यात?"

आम्ही हसून लोटपोट व्हायचो आणि मग आम्हाला त्यांची दया यायची. शेजारची मैत्रीण म्हणायची, "काऊन वं, या वयात माणसाले एवढं हिंडवते का कोणी?" भाऊ मात्र पिशवीतून कधी चारोळी, कधी टेंभराची पिवळी फळं, कधी कागदाच्या पुडीत मोहाची वाळलेली फुलं काढायचे आणि प्रत्येकाच्या टेबलावर ठेवत फिरायचे. शेवटी दर वेळी एकच वाक्य असायचं. "तुमी एक डाव चाला ना संगं."

आम्ही कधी गेलो नाही. कमरेवरचे हात आमच्या लक्षात राहिले, आणि ते वाक्य कोणी मनावरच घेतलं नाही.

तर तो कागद. पावसाळा सरता सरता पुण्याहून आला. इंग्रजीत होता. वरच्या अर्ध्या भागात काय आवडतं, खालच्या अर्ध्या भागात काय आवडत नाही. नाव टाकायचं नाही, मोकळेपणाने लिहायचं. साहेब आमच्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठे, नागपूरचे, मनाने भले आणि पुण्याला भिऊन असणारे. ते म्हणाले, "खरं खरं लिहा बरं का. पण नीट लिहा." यातलं खरं कुठलं आणि नीट कुठलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आमच्याकडे फॉर्म कोणी एकट्याने भरत नाही. बँकेत असो की कॉलेजात, जो तो आधी शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो. एकाने नीट भरायचा आणि बाकीच्यांनी तसाच उतरवायचा, म्हणजे कोणाचा परत येत नाही. मीही बारावीपर्यंतचे सगळे फॉर्म असेच भरले होते. त्या दिवशी डब्यानंतर सात जण एका टेबलाभोवती जमलो. भाऊ एटापल्लीला गेले होते. कॉलनीतल्या शाळेमुळे माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आवडतं ते पटकन झालं. सहकारी चांगले आहेत, शिकायला मिळतं, वगैरे. खाली आल्यावर माझं पेन थांबलं. नाव नसलं तरी अक्षर तर असतं ना. साहेब सगळ्यांचं अक्षर ओळखतात. वाघाचं लिहायचं? नको, त्यांना राग येईल. तासांच्या नोंदीचं? नको, आपण काम करत नाही असं वाटेल. मग कोणीतरी म्हणालं, "भाऊंचं लिहू." आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. स्वतःसाठी बोलायची छाती नव्हती. दुसऱ्यासाठी बोलायचं ठरलं तेव्हा मात्र सगळे एकदम शूर झालो. आज मला त्या शौर्याची लाज वाटते. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी लिहिलं, की जंगलभागातली फिरती माणसाला मोडून काढते, ती बंद व्हावी आणि हे काम ऑफिसात बसून करता यावं. इंग्रजीत ते वाक्य फारच वजनदार झालं होतं. मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. सातही जणांनी ते आपापल्या कागदावर अक्षरशः जसंच्या तसं उतरवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, एका कोपऱ्यात बसून त्यांनी मराठीत काहीतरी चार ओळी लिहिल्या, कागदाची चार वेळा घडी घातली आणि पाकिटात टाकला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, म्हणून आम्ही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पत्र आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. कंपनीने कर्मचाऱ्यांचं म्हणणं मनापासून ऐकलं आहे, असं त्यात होतं, आणि पुढे माझं वाक्य अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं. पुढच्या महिन्यापासून फिरती बंद. शाळांना फोनवरून मदत दिली जाईल आणि ते काम भाऊ ऑफिसात बसून करतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पत्र दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. मी येता-जाता माझं वाक्य वाचायची. छापलेलं आपलं वाक्य बघायचं सुख काय असतं, ते तेव्हा कळलं.

भाऊंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं," आणि चहा सांगायला खाली गेले. वर यायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, भरून आलं असेल.

पुण्याहून त्यांच्यासाठी पाठीला आधार देणारी खास गादीची खुर्ची आली. तिथली माणसं वाईट नव्हती हो. तिथल्या एका बाईंनी खुर्ची पोचली का म्हणून दोनदा फोन करून विचारलं. खिडकीजवळ टेबल लावलं, त्यावर नवा फोन ठेवला, फोनशेजारी वही आणि पेन. कोणत्या शाळेचा फोन आला, काय अडचण होती, किती वेळात सुटली, हे लिहायला रकाने आखलेली वही. भाऊ सकाळी साडेनऊला येऊन त्या खुर्चीत बसायचे आणि सहाला उठायचे.

फोन वाजला नाही.

वाजणार कसा? निम्म्या शाळांत फोनच नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांच्या तारा पावसात पडल्या होत्या आणि पडलेल्याच होत्या. एखाद्या गुरुजींना फोन करायचाच असला तर गडचिरोलीला यावं लागणार, आणि मशीन मागे शाळेत असताना अडचण सांगायची कशी? हे भाऊंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी गेलोच नव्हतो.

पहिला आठवडा भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातले सगळे पंखे, माउस, कीबोर्ड उघडून पुसले. तिसऱ्या आठवड्यापासून ते नुसते बसू लागले. गोष्टी संपल्या. "मेलो ना बापा" हे त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही. कमरेवर हातही ठेवायचे नाहीत. एकदा मीच विचारलं, "भाऊ, आता कंबर बरी आहे ना?" ते म्हणाले, "हो बेटा, खुर्ची गजब हाये." आणि फोनचा रिसीव्हर उचलून, आवाज येतो का ते बघून, परत ठेवला. आपण काय करून बसलो, ते मला तेव्हा समजलं.

मी साहेबांच्या मागे लागले. त्यांनी भीतभीत पुण्याला फोन केला. खुर्चीची चौकशी करणाऱ्या त्याच बाई होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, आठातल्या सात जणांनी हेच लिहिलंय. आम्ही तुमचंच तर ऐकलं." साहेबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

संक्रांतीनंतर दुसरं पत्र आलं. दोन महिन्यांत एकाही शाळेचा फोन नाही, म्हणजे शाळांना काही अडचण उरलेली नाही, तेव्हा या कामाला वेगळा माणूस नको. मार्चअखेर भाऊंचं काम संपेल. त्याआधी त्यांनी शेवटची एक फेरी करावी आणि ते आजवर शाळेत जाऊन नेमकं काय करत, हे दहा मुद्द्यांत लिहून ठेवावं. लिहिण्यासाठी कोणीतरी सोबत जावं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पहिल्यांदाच मी "एक डाव संगं" निघाले होते, आणि ते अशा कामासाठी.

सकाळी सहाची बस होती. शिवरात्र जवळ आली होती, मार्कंड्याच्या जत्रेला निघालेल्या म्हाताऱ्यांनी बस भरली होती. भाऊंनी मला खिडकीची जागा दिली. दोन्ही डबे त्यांच्या मांडीवर. बसमध्ये बसल्यापासून त्यांच्यात फरक पडत गेला, तो मला स्पष्ट दिसत होता. मूल गावाच्या थांब्यावर चहा घेताना ते टपरीवाल्याशी भांडले. वैनगंगेच्या पुलावर उगाच मागे वळून एका अनोळखी आजीला पाणी किती उरलंय ते दाखवलं. गडचिरोलीला दुसरी बस धरली आणि उतरल्यावर दीड कोस चाललो. पळस फुलला होता. मी दोनदा बसले, भाऊ एकदाही नाही. कंबर कुठे गेली होती कोण जाणे.

शाळेच्या फाटकाशी पोरांनी बघितलं आणि ओरडा सुरू झाला. "कम्प्युटरवाले भाऊ आले! कम्प्युटरवाले भाऊ!" पन्नासेक पोरं धावत आली. चार महिन्यांनी येत होते ना. स्वयंपाकाच्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, "जोहार" म्हणाल्या आणि रागाने म्हणाल्या, "मले वाटलं, मेले का काय भाऊ." मुख्याध्यापक गुरुजींनी मशीन धान्याच्या खोलीत ठेवलं होतं, कारण कुलूप फक्त त्याच खोलीला होतं. मशीनवर एक धुतलेली चादर होती. खोलीबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. ही शिस्त भाऊंनीच लावलेली. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर माझा प्रोग्राम आला. तिथे, तांदळाच्या पोत्यांमध्ये. मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

गुरुजी म्हणाले, दिवाळीनंतर आलेल्या एकोणीस मुलांची नोंद झालेली नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, "तुमचं मशीन जन्मतारीख मागते. ते टाकल्याबिगर पुढंच जात नाई."

पडद्यावरचा तो चौकोन मी केला होता. जन्मतारीख सक्तीची. ऑफिसात बसून कोणाला वाटेल की माणसाला जन्मतारीख नसते? मी गुरुजींना विचारलं, मग आधीच्या मुलांच्या तारखा कुठून आल्या? गुरुजींनी भाऊंकडे बोट दाखवलं.

भाऊंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. त्यांचं बारीक, तिरकं अक्षर. एकेका पानावर एकेक शाळा, खाली पोरांची यादी. आईबाप मुलांना भेटायला यायचे त्या दिवशी भाऊ मुद्दाम हजर राहायचे, त्यांना झाडाखाली बसवायचे, आणि स्वयंपाकाच्या बाई गोंडी बोलायच्या त्या मधे बसायच्या. लेकरू झालं तेव्हा मोहाची फुलं पडत होती का? धानाची रोवणी झाली होती की व्हायची होती? मार्कंड्याच्या जत्रेच्या आधी की नंतर? थोरला तेव्हा चालायला लागला होता का? असं विचारत विचारत एकेका पोराचा महिना ठरायचा, मग दिवस अंदाजाने. वहीत सगळं लिहिलेलं होतं. मोह पडते वेळी. रोवणीच्या मधात. जत्रेहून आल्यावर चार दिवसांनं, आईले पक्कं याद हाये.

"एवढं कशाला करायचं भाऊ?" मी विचारलं. "एकच तारीख सगळ्यांना टाकली असती तरी प्रोग्राम पुढे गेला असता."

"टाकतेच तं लोकं," भाऊ म्हणाले. "पण सारेच पोट्टे येकाच दिवशी जन्मले का? उद्या त्याईले कोणी विचारलं, तं त्याईनं का सांगावं?"

दहा मुद्दे लिहायला मी कागद नेला होता. त्यावर मी "एक" असा आकडा घातला होता. तो तसाच राहिला. त्या दिवशी एकोणिसांपैकी सहा मुलांचे आईबाप गावात होते, त्यांना बोलावलं आणि सहा नोंदी झाल्या. एका आईने लेकाचा जन्म सांगताना हाताने झाडाची उंची दाखवली. दाराशी लावलेलं झाड तेव्हा एवढं होतं. भाऊंनी ते झाड कोणतं, किती पावसाळ्यांचं, हे विचारून हिशेब लावला. बाकीची तेरा राहिली. भाऊ गुरुजींना म्हणाले, "पुढच्या डावी." मग माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

परतीच्या बसमध्ये माझ्याने राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की भिंतीवरचं ते वाक्य माझं आहे. सगळ्यांनी माझ्याच कागदावरून उतरवलं. तुमची कंबर बघवत नव्हती म्हणून लिहिलं. मी रडत होते, आणि समोरच्या सीटवरच्या बाई भाऊंकडे संशयाने बघत होत्या.

"मले माहीत हाये," भाऊ म्हणाले. "एवढं भारी विंग्रजी दुसऱ्या कोणाले येते आपल्या हापिसात?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग काऊन ईन बेटा? तुमी माह्यासाठीच लिहिलं. पण मले विचारलं असतं, तं सांगतलं असतं ना." मग म्हणाले, "कंबर तं दुखतेच. ते घरी बसूनबी दुखते. दुखते म्हणून सांगाले मजा येते, म्हणून सांगो."

मी विचारलं, "तुम्ही काय लिहिलं होतं? तुमच्या कागदावर?"

ते सांगेनात. मी फारच मागे लागले तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आवडते त्याच्यात लिहिलं, फिरती. नाई आवडत त्याच्यात लिहिलं, का आमच्या पोरी अन् पोरं दिवसभर खुर्चीत बसून राह्यतात. ज्याच्यासाठी काम करतात ते त्याईले दिसत नाई. त्याईले आळीपाळीनं माह्यासंगं धाडा." मग हसले. "मले तुमची कीव ये. तुमाले माही कीव ये."

वैनगंगेच्या पुलावर उन्हं उतरली होती. जे मला त्या नोकरीत सगळ्यात नको वाटत होतं आणि जे लिहायची माझी छाती झाली नव्हती, ते त्यांनी न विचारता ओळखून लिहिलं होतं. पुण्यात तो कागद आठातला एक होता आणि माझे सात.

मार्चअखेर भाऊ गेले. भावाच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले. जाताना फ्लॉपीचा डबा ओढणीसकट ऑफिसात ठेवला आणि ती वही माझ्या हातात दिली. "तुह्या चौकोनात हे बसत नाई," म्हणाले, "पण ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते जन्मतारखेच्या चौकोनाचं. सक्ती काढली. तारीख ठाऊक नसेल तर ती कोरी सोडून पुढे जाता येईल, आणि शेजारी आईबाप सांगतील ते शब्दांत लिहिता येईल, अशी जागा केली. मला पाच मिनिटं लागली. तेवढंच काम होतं ते, आणि भाऊ त्यासाठी वर्षानुवर्षं झाडाखाली बसत होते. मी नवी आवृत्ती फ्लॉपीवर घातली, दोनदा तपासली, ओढणीत गुंडाळून डब्यात ठेवली आणि साहेबांकडे गेले. म्हटलं, तेरा मुलांची नोंद राहिली आहे, मी उद्या सकाळच्या बसने जाऊन येते.

साहेबांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पुण्याचं पत्र अजून चिकटवलेलं होतं. फिरती बंद व्हावी, हे माझंच वाक्य, अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं.